आतली खिट्टी

"मग जाळून टाकू का, आबा?"

पुरुषोत्तम मयेकराने हे विचारलं तेव्हा आबा मेस्त्री एका फळीवर रंधा मारत होते. ते थांबले नाहीत.

मी तिथेच बसलो होतो. माझ्या खुर्चीचा पाय मोडला होता, ती घेऊन आलो होतो. आबांनी ऐंशी ओलांडल्यावर घर मुलांवर सोपवलं आणि टेकडीवरच्या देवळामागे पत्र्याच्या पडवीत राहायला आले. लोक त्यांच्याकडे मोडकी लाकडं घेऊन येत आणि मनातलं काहीबाही बोलून जात. मला मात्र खुर्चीच हवी होती.

"काय जाळतोस?"

"खोपट. परसातलं, मी बांधलेलं."

"परवापर्यंत तर गावभर दाखवत होतास."

खरं होतं ते. पुरुषोत्तम तरुणपणी पाच वर्षं आबांच्या हाताखाली होता. मग 'आता शिकायचं काही उरलं नाही' असं तोंडावर सांगून बंदरावर होड्यांच्या कामाला गेला. म्हातारपणी गावी परतला आणि परसात अवजारं ठेवायला लाकडी खोपट बांधलं. एकट्याने, आणि जवळजवळ फुकटात. पायाचे चिरे कुंपणाच्या पडक्या गडग्याचे. कौलं शाळेच्या उतरवलेल्या छपराची. बिजागऱ्या मोडक्या कपाटाच्या, कडी गोठ्याची, आणि लाकूड घरच्याच फणसाचं. "एक खिळासुद्धा विकत आणला नाही," हे मी स्वतः चारदा ऐकलंय. चहा मात्र एकदाच मिळाला.

"काय झालं खोपटाला?" आबांनी विचारलं.

"ठोकतं."

"कोण?"

पुरुषोत्तमाने माझ्याकडे पाहिलं. मी उठायला लागलो तर आबा म्हणाले, "बस तू. गोंद वाळायचाय अजून."

मी बसलो.

"रोज भर दुपारी, बाराच्या सुमारास," पुरुषोत्तम म्हणाला. "दारावर तीनदा. आतून. लाकूड ओलं होतं, म्हटलं वाळताना तडकत असेल..."

"तडकणारं लाकूड एकदा तडकतं. तीनदा कशाला वाजेल? दार उघडून बघितलंस?"

"दर वेळी बघतो. फावडं, कोयती, खताची पोती. दुसरं काही नाही."

"आवाज कुठून येतो? दाराच्या वरून, की मधून?"

पुरुषोत्तम खाली वाकला. त्याने पंजा ताणला आणि अंगठा जमिनीला टेकवला.

"एवढ्यावरून. उंबऱ्याच्या वर वीतभर."

आबांचा रंधा थांबला.

बाहेर कडक ऊन होतं, तरी मी आबांच्या बाजूला थोडा सरकलो. खोटं कशाला बोलू?

"आवाजाचं मला काही वाटत नाही, आबा. जन्मभर ठोकाठोकच केली. पण कुंदाचं बघवत नाही." कुंदा म्हणजे त्याची बायको. "बारा वाजायला आले की चूल तशीच टाकून त्या दारासमोर जाऊन बसते. ठोकलं की हळू आवाजात आतल्याशी बोलते. मी जवळ गेलो की गप्प. महिना झाला, पोटात धड अन्न नाही तिच्या. जाळतो म्हटलं, तर म्हणाली, मला आत घाला आणि मग काडी लावा."

त्याने खांद्यावरच्या पंच्याने तोंड पुसलं.

"बायको हातची जाते हो माझी," तो म्हणाला.

आबांनी रंधा बाजूला ठेवला.

"तो फणस कुणी लावला होता?"

"तिनेच."

"कधी?"

पुरुषोत्तम रंध्याची सालपटं पायाने बाजूला सारायला लागला.

"पुरषा, विचारतोय मी."

"एकतीस वर्षं झाली. आमची पहिली मुलगी... नऊ दिवसांची गेली. परसातच मूठमाती दिली तिला. त्यावर कुंदाने आठळी लावलीन."

"आणि खोपट?"

"तिथेच. झाड गेलं, जागा मोकळी झाली होती."

आबांनी त्याच्या हातांकडे पाहिलं.

"तोडायच्या आदल्या दिवशी कुऱ्हाड टेकवलीस?"

आमच्याकडे जिवंत झाड तोडायचं असलं की आदल्या संध्याकाळी कुऱ्हाड बुंध्याला टेकवून ठेवतात. मूठभर तांदूळ वाहतात आणि सांगतात, जे कोणी इथे वस्तीला असेल त्याने आपलं बिऱ्हाड दुसरीकडे हलवावं. सकाळी कुऱ्हाड पडलेली दिसली तर त्या झाडाला हात लावत नाहीत. हल्ली हे सगळे करतात असं नाही, पण मेस्त्रीच्या हाताखाली शिकलेला माणूस विसरत नाही.

"कुंदा म्हणाली होती, विचारून तोडा," पुरुषोत्तम म्हणाला. "मी म्हटलं, आपल्याच परसातलं झाड, त्याला काय विचारायचं? आणि टेम्पो त्याच सकाळी सॉमिलकडे रिकामा चालला होता. थांबलो असतो तर वेगळं भाडं पडलं असतं."

"वाचलं ना मग भाडं?"

पुरुषोत्तमाने मान खाली घातली.

"दाराला कडी कुठे आहे?"

"बाहेरून."

"आणि आतून?"

पुरुषोत्तमाला एवढ्यातही हसू आलं. "खोपटाला आतून कडी कशाला, आबा? आत राहायचंय कोणाला?"

त्याचं हसू हळूहळू मावळलं.

आबांनी खालचा एक तुकडा उचलला. पटाशीने तासला, मधोमध भोक पाडलं. बोटाएवढी लाकडी खिट्टी झाली, खिळ्यावर फिरवून दार अडवायची. त्यांनी ती पुरुषोत्तमाच्या हातावर ठेवली.

"आतून लाव."

"आतून?"

"जिथून आवाज येतो तिथे. वीतभर उंचीवर."

"मी आवाज बंद करायला आलोय आबा, आणि तुम्ही..."

"बाहेरची कडी काढून टाक."

"एवढ्या खाली खिट्टी बघून लोक हसतील मला."

"हसू दे."

पुरुषोत्तमाने खिट्टी उलटसुलट करून पाहिली. त्याच्यातला कारागीर दुखावला होता, ते दिसत होतं.

"पाच वर्षं होतो तुमच्याकडे. असलं काम कधी शिकवलं नाहीत."

"तू लवकर गेलास," आबा म्हणाले आणि त्यांनी पुन्हा रंधा हातात घेतला.

आठ दिवसांनी मी खुर्ची न्यायला गेलो. ऊन चांगलंच चढलं होतं. आबा खुर्चीला शेवटची कानस मारत होते. एवढ्यात पुरुषोत्तम टेकडी चढून आला. पायात चपला नव्हत्या.

"लागली," तो म्हणाला.

"काय लागली?"

"खिट्टी. आतून."

आबांनी त्याला पाण्याचा तांब्या दिला. त्याने तो नुसताच हातात धरला.

"तुम्ही सांगितलंत तसं केलं. वीतभर उंचीवर खिट्टी बसवली, बाहेरची कडी काढली. त्या दिवसापासून आवाज बंद. सात दिवस काही नाही. कुंदा जेवायला लागली. परवा तर चक्क हसली. मी म्हटलं, सुटलो."

"आणि आज?"

"आज बाराला फावडं काढायला गेलो. दार ओढलं तर उघडेना. फटीतून बघितलं... खिट्टी फिरलेली."

"वाऱ्याने फिरली असेल," मी म्हणालो.

दोघांनीही माझ्याकडे पाहिलं नाही. आणि खरं सांगायचं तर त्या दिवशी पानही हलत नव्हतं.

"कुंदा कुठे होती?" आबांनी विचारलं.

"बाहेर. अंगणात, माझ्यासमोर. तांदूळ निवडत होती. आत कोणी जायला दुसरी वाट नाही, आबा. खिडकीसुद्धा ठेवली नाही मी, तेवढी चौकट वाचली."

"कुंदा काय म्हणाली?"

"मान वर न करता म्हणाली, आता तुम्ही ठोका."

"ठोकलंस?"

"ठोकलं. खाली वाकून. तीनदा."

"मग?"

"आतून काही नाही. पण आत कोणीतरी ऐकत होतं, आबा. कळतं ते. दाराला हात लावला की कळतं." "मग कुंदा म्हणाली, नुसतं ठोकून कोण उघडतं? हाक मारा."

तांब्यातलं पाणी हिंदकळून त्याच्या पायावर सांडलं. तो तिथेच, रंध्याच्या सालपटांत, खाली बसला.

"काय म्हणून हाक मारू?" तो म्हणाला. "नऊ दिवसांची होती ती. नावच ठेवलं नव्हतं तिचं."

आणि तो रडायला लागला, अगदी मोठ्याने. एवढा धिप्पाड माणूस, बंदरावरच्या माणसांना दटावून काम करून घेणारा. मला त्याच्याकडे बघवेना. मी खुर्चीच्या पायाकडे बघत बसलो.

आबांनी त्याला रडू दिलं.

मग त्यांनी कानस खाली ठेवली.

"बारसं कितव्या दिवशी करतात, पुरषा?"

"बाराव्या. का, आबा?"

"मग अजून तीन दिवस आहेत," आबा म्हणाले. "घरी जा. काय नाव ठेवायचं ते कुंदाला विचार."