लॉकरावांची रखवाली

कड्याकुलपं बोलायची, तेव्हाची गोष्ट. दुधाच्या कपाटाला नवे पितळी लॉकराव आले. आत बाळंतिणीसाठी लोणी ठेवलेलं. मालकिणीनं त्यांना कडीत अडकवलं. तोंड मिटणं तेवढं त्यांच्याकडे राहिलं.

कडी घाबरली. "अहो, मिटा की! मांजरीनं पंजा मारला तर मी एकटी कशी टिकू?"

लॉकराव फुगले. "तुला कुणीतरी घालावं लागतं. माझं तसं नाही. इंग्रजीत वस्तूही लॉक नि कामही लॉक. मी आलो म्हणजे काम झालंच!"

"अगंबाई, एवढा शिकलेला रखवालदार!" म्हणत मांजरीनं पंजा मारला. लॉकराव धपकन खाली. लोणी चाटूनपुसून साफ.

कडी रडायला लागली.

"रडू नको गं," मिशा पुसत मांजर म्हणाली. "मालकीण आली की हे तिला इंग्रजी समजावतील."