वहिनींचे रिव्हॉल्व्हर आणि भावजींचे पिस्तूल

खिंडीच्या अलीकडे वसलेल्या एका बाजारगावात पोतदारांचे सोन्याचांदीचे जुने दुकान होते, आणि त्या दुकानाच्या गादीवर एक बाई बसत असे. तिचे नाव कुमुदिनी. नवरा अकाली गेल्यावर लोकांना वाटले, आता ही माजघरात जाऊन बसेल. पण तिचा धाकटा दीर जयवंत मोठ्या मनाचा. त्याने स्वतः गादीवरची चादर झटकली आणि म्हणाला, "वहिनी, दादाची जागा तुमची. मी बाहेरचं बघतो." कुमुदिनी ते कधी विसरली नाही. दिराचा शब्द ती खाली पडू देत नसे.

बाहेरचे बघणे म्हणजे खिंड ओलांडून पलीकडच्या गावांना दागिने पोचवणे. कधी जयवंत जाई, कधी लग्नघरच्या बायकांना दाखवायला कुमुदिनी स्वतः जाई. एकदा त्या खिंडीत जयवंतला गाठून चोरांनी पिशवी हिसकावली आणि वर डोकेही फोडले. दुधाने तोंड पोळले की माणूस ताकही फुंकून पितो. दोघांनी रीतसर अर्ज केले, दोघांना परवाने मिळाले, पोलिसांच्या मैदानावर दोघे नेम धरायला शिकले, आणि मग जिल्ह्याच्या गावी हत्यारांच्या दुकानात जाऊन उभे राहिले.

दुकानदाराने काचेवर हिरवे कापड अंथरले आणि त्यावर दोन हत्यारे ठेवली. एक रिव्हॉल्व्हर, मधोमध गोळ्यांची गोल चक्री असलेले. दुसरे पिस्तूल, सपाट आणि देखणे, गोळ्यांचे मॅगझिन मुठीत सरकवायचे.

जयवंतचे मन पिस्तुलावर तिथल्या तिथे बसले, आणि त्यात त्याचे काही चुकले नाही. पिस्तूल सदऱ्याखाली दिसत नाही, चाप हलका, गोळ्या जास्त, आणि संपल्या तर दुसरे मॅगझिन घातले की झाले. रोज कमरेला लावायचे तर असेच हवे. रिव्हॉल्व्हर त्यामानाने पोटाशी फुगीर. चाप ओढायला बोटाला जोर लागतो आणि गोळ्याही मोजक्याच.

कुमुदिनीने वेगळेच विचारले. "रिकामं आहे हे कसं कळतं?"

दुकानदाराने मान वर करून तिच्याकडे पाहिले. गिऱ्हाइके भरण्याबद्दल विचारतात, रिकामे करण्याबद्दल फारसे कोणी विचारत नाही. त्याने रिव्हॉल्व्हरची कळ दाबली. चक्री बाजूला आली आणि तिच्या भोकांतून पलीकडचा उजेड दिसला. मग त्याने पिस्तूल उचलले. "ह्याचं आधी मॅगझिन काढायचं. मग वरचा भाग मागे खेचून आत बघायचं. नळीमागच्या घरात एखादी गोळी बसलेली असते. मॅगझिन काढलं तरी ती जागची हलत नाही."

"म्हणजे दोनदा बघायचं."

"दोनदा. आणि ह्याच क्रमानं."

"मग मला हे चक्रीचं द्या," कुमुदिनी म्हणाली. "मला दिवसभर शंभर कामं. एकदाच बघेन, पण रोज बघेन."

जयवंत हसला. "वहिनी, हे आजोबांच्या काळातलं झालं."

"आजोबा म्हातारे होऊन गेले, भावजी. त्यांचं काही वाईट झालं नाही," ती म्हणाली, आणि दोघे आपापली पसंती घेऊन घरी आले.

त्या दिवसापासून खिंडीत जाताना रिव्हॉल्व्हर कुमुदिनीच्या पदराआड कापडी म्यानात असे. हे ओझे वजनाचे कमी आणि मनाचे जास्त, हे तिला लवकर कळले. कमरेला हत्यार असले की रागावून चालत नाही. रस्त्यात कोणी गाडी आडवी घातली तरी ती आधी वाट देई आणि मग पुढे जाई. घरी आली की पाय धुण्याआधी दारातल्या दिव्याखाली उभी राही, चक्री बाजूला काढी, गोळ्या हातावर घेई, भोकांतून दिव्याकडे बघे, आणि मगच सगळे कपाटात कुलूपबंद करी. ज्या दिवशी बाहेर गेलीच नाही त्या दिवशीही कुलूप काढून तेवढे बघे. शेजारणी म्हणत, "पोतदारीणबाईंची आरती सुरू झाली." गावाचे तोंड कोण धरणार? जी गोष्ट रोज सारखीच निघते ती रोज नव्याने बघायला किती मोठे मन लागते, हे हसणाऱ्यांना ठाऊक नव्हते.

जयवंतचा नेम मात्र वहिनीपेक्षा कितीतरी चांगला. हातही चपळ. खिंडीत शिरताना तो एक गोळी नळीमागच्या घरात चढवून ठेवी, आणि घरी आल्यावर मॅगझिन काढून वरचा भाग खेची, गोळी बाहेर घेई. पहिले काही महिने त्याने हे मन लावून केले. पुढे हाताला सवय झाली आणि डोळ्यांना सुट्टी मिळाली. सवयीचे असेच असते. ती काम सोपे करते आणि हळूच त्यातले एखादे पाऊल खाऊन टाकते.

खंडेनवमी आली. पोतदारांच्या घरी त्या दिवशी हत्यारांची पूजा होई. सोनाराचे हत्यार म्हणजे हातोडी, ऐरण, सांडशी आणि तराजू. आता त्यांच्या पंगतीला पिस्तूल आणि रिव्हॉल्व्हरही आले होते. त्या घरची एक जुनी रीत होती. पूजा झाली की घरातल्या सर्वांत लहान मुलाने प्रत्येक हत्यार उचलून स्वतःच्या कपाळाला लावायचे. हातोडी लावून पिढ्या गेल्या, कोणाला इजा झाली नाही. म्हणून नव्या हत्यारांनाही तीच रीत लागू केली, आणि हे चुकते आहे असे कोणाच्याही मनात आले नाही. कुमुदिनीच्याही नाही.

सर्वांत लहान होती जयवंतची रेवा. नवे परकर-पोलके घालून ती पाटासमोर बसली. मागे जयवंतचे सासू-सासरे, मेहुणे, शेजारपाजार असे घर भरले होते. रेवाने हातोडी कपाळाला लावली. सांडशी लावली. मग तिने पिस्तुलाकडे हात नेला.

कुमुदिनी निरांजनाची वात सारखी करत होती. तिला एकदम आदली संध्याकाळ आठवली. जयवंत खिंडीतून उशिरा आला होता. एक मोटारसायकल बराच वेळ मागे होती असे हसत सांगत होता. तेवढ्यात दारात पाहुणे उतरले, आणि तो पिस्तूल घाईने कपाटात ठेवून त्यांच्या पिशव्या घ्यायला धावला. त्याने वरचा भाग खेचल्याचे तिने पाहिले नव्हते. खेचलाही असेल. ती त्या वेळी चुलीपाशी होती.

आता बोलावे तर सासुरवाडीच्या माणसांदेखत दिराचा अपमान. ज्याने मानाने आपल्याला दुकानाच्या गादीवर बसवले, त्यालाच भरल्या घरात खाली बघायला लावायचे. गप्प राहावे तर बहुधा काहीच होणार नाही. हा "बहुधा" तिला सोसवेना.

"रेवा, थांब," ती म्हणाली. "हात मागे घे."

पोरीने हात मागे घेतला. जयवंतने मान वर केली. "काय झालं वहिनी? मॅगझिन काढलंय मी."

"ते दिसतंय, भावजी. आत काय आहे ते दिसत नाही."

"सगळ्यांदेखत माझी परीक्षा घेताय?"

"तुमची नाही. हत्याराची. आधी माझ्या हत्याराची घेते."

तिने पाटावरचे स्वतःचे रिव्हॉल्व्हर उचलले. सकाळीच दोनदा पाहिलेली चक्री पुन्हा बाजूला काढली आणि सगळ्यांसमोर निरांजनाकडे धरली. भोकांतून ज्योत दिसली. मग तिने ते खाली ठेवले आणि दिराकडे पाहिले.  जयवंतच्या सासऱ्यांनी घसा खाकरला. जयवंतचे कान लाल झाले. त्याने पिस्तूल उचलले, नळी भिंतीकडे वळवली आणि रागाच्या भरात वरचा भाग मागे खेचला.

गोळी उडाली ती नळीतून नव्हे, बाजूने. ताम्हणाच्या काठावर टण्ण वाजली आणि हळदीकुंकू लागलेल्या अक्षतांत जाऊन पडली.

 रेवाने वाकून विचारले, "बाबा, हे काय पडलं?"  जयवंत मटकन खाली बसला, लेकीला मांडीवर ओढले आणि तिच्या कपाळावर नुसता हात ठेवून राहिला. मग त्याने वहिनीच्या पायांवर डोके ठेवले. तिने त्याला उठवले, पण तिचेही डोळे वाहत होते.

"उद्याच हे परत करतो," तो म्हणाला. "तुमच्यासारखं चक्रीचं घेतो."

"नको," कुमुदिनी म्हणाली. "पिस्तूल खोटं बोललेलं नाही, भावजी. तुम्ही त्याला विचारलंच नाहीत. तुमचा हात त्याच्यावर बसलाय, ते तुमच्याकडेच राहू दे. फक्त ज्याला दोनदा बघायचं, त्याला दोनदा बघा. आणि चूक माझीही आहे. हातोडीची रीत मी ह्यांना लावू दिली. पोरीच्या हाती ही हत्यारं पुन्हा द्यायची नाहीत."

जयवंतने पिस्तूल स्वतःकडेच ठेवले आणि पुढे कधी त्याच्या हातून एकही पाऊल गळले नाही. भरल्या घरात मान खाली घालावी लागली याचा राग त्याने कधी धरला नाही, आणि हे सोपे नसते. घरात नवी रीत पडली. नवमीला कुंकू लावण्याआधी दोघे आपापले हत्यार उघडतात, एकमेकांना रिकामे दाखवतात, आणि ती दोन्ही कपाटात कुलूपबंद झाल्यावरच मुले पाटापाशी येतात. रेवाच्या हाती येते ती फक्त हातोडी. ती हातोडी उलटी करते, दांडा डोळ्याजवळ धरून आत काही आहे का ते नीट बघते, आणि मगच कपाळाला लावते. पाहुणे हसतात. जयवंत हसत नाही. पोरीचे बघून होईपर्यंत तो हात जोडून उभा असतो.

तात्पर्य: कोणते हत्यार घ्यावे हे आपल्या हाताला आणि स्वभावाला विचारावे, आणि जे रिकामे असल्याची आपल्याला पक्की खात्री आहे, तेच आधी उघडून पाहावे.