हैबतीचा कंप

गोदेच्या काठी पिंपळदरी नावाचे एक लहानसे गाव होते. श्रीनिवांतनाथ महाराज तेथे उतरत्या वयात येऊन राहिले. गावाबाहेर उंबराखाली त्यांची पर्णकुटी, पुढे एक विहीर. दारी आलेल्याला महाराज आधी 'जेवलास का?' असे विचारीत आणि मग नाव!

त्या गावात हैबती नावाचा कुंभार राहत असे. हात असा की चाकावर माती जणू आपणहून उभी राहावी! पण पहिल्याच बाळंतपणात त्याची बायको सगुणा गेली, मूलही गेले, आणि घरातली शांतता त्याला खायला उठू लागली. झोप यावी म्हणून तो मोहाची दारू घेऊ लागला. पुढे ती सकाळीही लागू लागली. हात कापत, मडकी चाकावरच कोसळत. रोज संध्याकाळी मात्र तो कुटीच्या शेवटच्या पायरीवर येऊन मान खाली घालून बसे.

गावचे रंगोपंत मोठे विद्वान, पण तितकेच तिखट. तेही रोज कुटीवर भजनाला येत आणि सर्वांदेखत म्हणत, "काय हैबती, आज भजनाला आलास की उतारा मागायला?" लोक हसत.

एके दिवशी त्याने महाराजांचे पाय धरले. "महाराज, मला सोडायची हाय. सुटत न्हाई. मी वाईट हाय का?"

महाराज म्हणाले, "वाईट नाहीस रे, तू दुखावलेला आहेस. तल्लफ आली की एकटा बसू नकोस. इथे ये, विहिरीचे पाणी शेंद, झाडांना घाल. तेवढ्यात ती ओसरते. आणि सगुणेची आठवण आली तर गिळू नकोस, माझ्याजवळ बोल."

हैबती तसे करू लागला. कधी दिवसातून चारदा पाणी शेंदी, कधी नुसता रडे. एक महिना गेला. पण सगुणेच्या वर्षश्राद्धाच्या दिवशी त्याचा तोल गेला आणि तो पुन्हा प्यायला. रंगोपंतांनी त्याला दंडाला धरून कुटीपुढे आणले. "पाहा महाराज, तुमचा भक्त!"

महाराजांनी हैबतीचे तोंड आपल्या उपरण्याने पुसले. "पडलास, पण महिनाभर चाललास ना? ते चालणे कुठे गेले नाही. उद्या तिथूनच निघू."

त्या दिवसापासून हैबतीने दारूला हात लावला नाही; पण तिसऱ्या दिवशी अंगाने सूड उगवला. सर्वांग थडथडू लागले, घाम फुटला, नसलेली माणसे दिसू लागली. त्याची थोरली बहीण कोंडाबाई त्याला बैलगाडीत घालून कुटीवर घेऊन आली. "महाराज, माझा भाऊ चालला हो!"

महाराजांनी हैबतीचे डोके मांडीवर घेतले, त्याचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले आणि डोळे मिटले. आणि काय सांगावे! घटकाभरात हैबतीचा कंप थांबला, श्वास संथ झाला, तो तान्ह्या बाळासारखा झोपी गेला. आणि महाराज कापू लागले! दात वाजू लागले, प्यायला उचललेल्या तांब्यातले पाणी हिंदकळून सांडले.

तेवढ्यात रंगोपंत आले. तो थरकाप पाहून ते ओरडले, "म्हणजे गुरूही पितात तर!" आणि महाराजांना उठवण्यासाठी त्यांनी त्यांचे मनगट धरले.

त्या स्पर्शासरशी पंतांच्या अंगातून आग गेली. घसा सुकला, छातीवर शिळा ठेवल्यासारखे झाले. हैबती रोज जे सोसत होता ते क्षणभर त्यांच्या देहात उतरले. आणि त्याच्या तळाशी त्यांना आपलेच काहीतरी सापडले. रागावून घर सोडून गेलेला त्यांचा मुलगा केशव उंबरठ्यावर पाठमोरा उभा दिसला. पंत मटकन खाली बसले.

"महाराज," ते कसेबसे बोलले, "दोन वर्षं झाली, मला झोप नाही. कुणाला सांगितलं नाही."

कापत्या ओठांनी महाराज हसले. "ठाऊक आहे, पंत. म्हणून तर तुम्ही रोज इथे येत होता. हसायला का होईना, येत होता."

तिन्हीसांजेला महाराजांचा कंप उतरला. हैबती जागा झाला आणि त्याने भाकरी मागितली. कोंडाबाईच्या डोळ्यांचे पाणी खळेना! तल्लफ पुढेही त्याला गाठे. वर्षानुवर्षे गाठत राहिली. पण ती आली की तो लपत नसे, चार माणसांत येऊन सांगे, "आज अवघड हाय," आणि कुणीतरी त्याच्याजवळ बसे.

त्या संध्याकाळी रंगोपंतांनी आधी महाराजांच्या चरणी मस्तक ठेवले. मग ते हैबतीकडे वळून त्याच्यापुढे वाकले. हैबती संकोचून मागे सरला, "अवं पंत, असं काय करता?"

"सरू नकोस," पंत म्हणाले, "तू मागितलीस तशी मदत मला मागता आली नाही रे." आणि त्या वयोवृद्ध विद्वानाने मातीने फुटलेल्या त्या दोन हातांवर आपले कपाळ टेकले.