फेणकाचे दुसरे जेवण

एका राज्यात लोक दिवसातून सात वेळा हातपाय धूत, आणि धुतले की नाही ते एकमेकांना विचारत. रस्त्यावर पडलेले पान तिसऱ्या पळाला उचलले जाई. राजा मणिधर भला होता, राणी रोहिणावतीही भली होती, पण तिचे सोवळे फार कडक. ती पूजेला निघाली की वाटेतल्या दासी भिंतीला चिकटून उभ्या राहत.

त्या राज्यात एकदा कुहक नावाचा मांत्रिक चिखलाच्या पायांनी आला. राजकन्या इंदुलेखेचा नववा वाढदिवस होता, पंगत बसली होती. द्वारपालाने त्याला तीनदा पाय धुवायला लावले आणि तरीही चौथा तांब्या पुढे केला. तेव्हा कुहक हसला. त्याने ओंजळ मिटून उघडली, तर तीत एक पांढरा ससा.

"राजा, तुझ्या मुलीचा प्राण मी या सशात ठेवला आहे. सात वर्षं हा जगला, तर सातव्या वर्षाच्या शेवटच्या दिवशी, सूर्य मावळताना, तिचा प्राण तिला परत मिळेल. हा मेला तर तीही जाईल. मी याला हात लावणार नाही. याला तुम्हीच माराल, आणि अगदी चांगल्या मनानं माराल."

एवढे बोलून तो आल्या वाटेने गेला.

सशाचे नाव फेणक ठेवले. त्याच्यासाठी राजवाड्याच्या मागे जाळीदार खिडक्यांचे ससघर बांधले. सखोबा नावाचा राखणदार नेमला. सखोबाचा एकच हट्ट होता. दुपारी ससघराचे दार लावायचे, आत फक्त त्याने बसायचे, आणि तेवढा वेळ त्याने तोंडातून शब्द काढायचा नाही. का, ते त्याने कधी सांगितले नाही. सशाचे अंग भरलेले, राजकन्येच्या गालांवर रंग, मग विचारणार कोण?

सात वर्षे संपायला महिना उरला असताना सखोबा तापाने गेला. त्याच्या जागी त्याची मुलगी कोरांटी आली.

कोरांटी पाठशाळेत शिकलेली होती, पोथी घडाघडा वाचायची. पण भांडे पडले की तिचा हात छातीवर जाई. मागून कुणी हाक मारली की ती आधी दोन पावले पळे आणि मग वळून बघे. दासी हसायच्या. "ससा कोण आणि राखणारी कोण, तेच कळत नाही गं बाई." कोरांटीलाही ते खरेच वाटायचे. आपल्या हातून काहीतरी चुकणार आणि त्यात राजकन्या जाणार, या धास्तीने तिला घास उतरत नसे.

दुपारच्या दाराचा नेम तिला ठाऊक होता, म्हणून ती दार लावून बाहेर बसे. पण आठव्या दिवशी भर दुपारी राणी स्वतः पाहणीला आली. राणीला दार लावायचे कसे? कोरांटीने ते उघडले. आत फेणक गवतावर बसला होता. त्याने मान पोटाखाली घातली, शेपटीजवळून काहीतरी तोंडात घेतले आणि डोळे अर्धे मिटून गिळले.

राणी दोन पावले मागे सरली.

"हा आपली लेंडी खातो?"

"मी पहिल्यांदाच पाहिलं, राणीसाहेब."

"माझ्या मुलीचा प्राण याच्यात आहे. म्हणजे हे कोण खातंय, कळतं का तुला?"

तासाभरात सोनाराने चांदीचा रुंद गळपट्टा आणला, मान खाली वळू नये असा. दोऱ्याच्या गाठीवर लाख ओतून राणीने आपली मुद्रा उठवली. गळपट्टा बांधला तो मात्र कोरांटीने. फेणक दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसे.

त्या दिवसापासून तो वाळू लागला. केशराचे पाणी झाले, डोंगरावरची दूर्वा झाली, वैद्यांच्या तीन मात्रा झाल्या. तो खाई, आणि खाल्लेले अंगी लागतच नसे. इकडे इंदुलेखा अंथरुणाला खिळली. आधी ती जिना चढेना, मग उठून बसेना, मग तिला पेला धरवेना. असे करता करता शेवटचे तीन दिवस उरले.

सकाळी कोरांटी झाडत होती. फेणकाच्या मागच्या पायांना काहीतरी चिकट लागले होते, रोजच लागायचे. ती ते पुसत होती आणि रडत होती.

"पुस, पुस," जाळीतून आवाज आला. "त्याचं ताट रोज पुसतेस, आणि वर विचारतेस, हा वाळतो का?"

कोरांटी दारापर्यंत पळाली. मग वळून बघितले. जाळीत एक साळुंकी बसली होती.

"तू बोलतेस?"

"तुझा बाप होता तेव्हापासून बोलते. तुला एकवीस दिवस हाका मारतेय. मी चोच उघडली की तू अंगणात."

कोरांटी खालमानेने परत आली. "मग सांग ना. हा मरतोय."

"तीन कामं आहेत. पहिलं, याच्या पोटाला कान लाव."

कोरांटीने कान लावला. आत कुठेतरी खोल, बंद झाकणाखाली पेज शिजावी तशी रटरट चालली होती.

"दुसरं, तू काय झाडलंस ते बघ."

तिने केरसुणी बाजूला ठेवली. केरात दोन तऱ्हा होत्या. एक कोरड्या, गोल, मिऱ्यांसारख्या लेंड्या. दुसऱ्या मऊ, चकचकीत, एकमेकींना चिकटून तुतीच्या फळासारख्या झालेल्या.

"कोरडी ती टाकायची," साळुंकी म्हणाली. "ओली ती टाकायची नसते. गाय गिळलेलं पुन्हा तोंडात आणून चघळते, तिला तुम्ही हळदकुंकू लावता. याला रवंथ येत नाही. गवत एका फेऱ्यात याच्या अंगी लागत नाही. पोटातल्या हंडीत ते शिजतं, तिचं सत्त्व या मऊ घोसात उतरतं, आणि तो घोस हा अंगातून निघतानाच तोंडात घेतो, जमिनीला लागूसुद्धा देत नाही. हे याचं दुसरं जेवण. तू ते एकवीस दिवस बंद केलंस."

"मी बांधला गळपट्टा," कोरांटी म्हणाली.

"तू बांधलास, तर तूच सोड. तिसरं काम ते. पण हे जेवण तो भीतीत जेवत नाही. दुपारी, निवांत असताना जेवतो. तेवढा वेळ तुला त्याच्याजवळ दगडासारखं बसायचंय. त्याला शांत माणसाच्या सोबतीची सवय आहे. कुहक याला हात लावणार नाही. पण आवाज करायला त्याला कुणी अडवलेलं नाही."

राणीची मुद्रा फोडणाऱ्याला सीमेपार घालवतात, हे कोरांटीला माहीत होते. तिने लाख फोडली आणि गळपट्टा सोडला.

पहिल्या दुपारी फेणक तिच्या मांडीशी अंग टाकून बसला. त्याचे डोळे मिटू लागले. इतक्यात भिंतीपलीकडे नगारा कडाडला. कोरांटी ताडकन उभी राहिली. फेणक वैरणीमागे गेला तो बाहेर आलाच नाही. दार उघडून बघते तो अंगणात कुठे नगारा नाही, कुणी माणूस नाही.

संध्याकाळी राणीने फुटलेली लाख पाहिली.

"कुणी फोडली?"

"मी."

"का?"

कोरांटीने सगळे सांगितले. सांगताना तिचे दात वाजत होते, पण तिने काही गाळले नाही.

"घाणीत सत्त्व असतं, हे मला एका साळुंकीनं शिकवायचं?" राणी म्हणाली.

राजा मणिधर खिडकीशी उभा होता. तो म्हणाला, "रोहिणा, वैद्य हरले. आता दोन दुपारी उरल्यात. त्या हिला देऊ. नाही साधलं, तर हिची शिक्षा काय आणि आपली काय, एकच."

दुसऱ्या दुपारी नगारा पुन्हा वाजला. कोरांटी पदर दातात धरून बसून राहिली. मग वैरणीतून हिरवा साप निघाला आणि तिच्या पायांवरून सरपटू लागला. तिने श्वास धरला. साप अर्धा गेला, पाऊण गेला, आणि शेवटी शेपटीचे टोक घोट्याला लागले तेव्हा तिचा पाय आपोआप आखडला. पैंजण वाजले. फेणक उडाला. साप तर तिथे नव्हताच.

त्या सांजेला इंदुलेखेने आईला ओळखले नाही.

तिसऱ्या दुपारी कोरांटीने पैंजण काढून उंबऱ्यावर ठेवले. फेणक आता चालतही नव्हता. तिने त्याला उचलून गवतावर ठेवले तेव्हा तो रिकाम्या टोपलीएवढा हलका लागला. दार लावणार तोच राणी आली. सोवळ्यातच होती, केस ओले.

"मी बसते," राणी म्हणाली. "पलंगाशी बसून मला ते बघवत नाही."

"हलायचं नाही, राणीसाहेब. बोलायचंही नाही."

"कळलं."

दोघी बसल्या. नगारा वाजला. साप आला, आणि या वेळी कोरांटीच्या पायांवरून शेपटीपर्यंत गेला. फेणकाचे कान सैल पडले. त्याची मान खाली वळू लागली.

तेव्हा दारामागून सखोबाचा आवाज आला. "कोरे, ऊठ. छप्पर कोसळतंय. पोरी, ऊठ लवकर."

तोच घोगरा आवाज होता, तीच हाक. कोरांटीचा गुडघा उचललाही गेला असता. पण तिला आठवले की तिचा बाप दुपारी या खोलीत कधीच बोलला नव्हता. सहा वर्षे अकरा महिने, एक शब्द नाही. जो बोलतो तो बाप नव्हे. ती बसून राहिली. डोळ्यांतून पाणी गळत होते, ते तिने पुसले नाही.

शेजारी राणीचे अंग ताठले. तिला काय ऐकू येत होते ते कोरांटीला कळत नव्हते, पण राणीचे ओठ हलले: इंदू. राणी उठू लागली.

सोवळ्यातल्या राणीला आजवर कुणाचे बोट लागले नव्हते. कोरांटीने तिचे मनगट घट्ट धरले. ज्या हाताने रोज लेंड्या झाडल्या, त्याच हाताने धरले. राणीने त्या हाताकडे पाहिले. मग ती हळूच खाली बसली आणि तिने आपला दुसरा हात त्या हातावर ठेवला.

फेणकाने मान पोटाखाली घातली. मऊ घोस तोंडात घेतला, डोळे मिटले, गिळला. पुन्हा मान घातली. तीनदा जेवला. मग पंजाने तोंड पुसले आणि आडवा पडून झोपला. त्याची कूस संथ वर-खाली होऊ लागली.

दोघी तरीही हलल्या नाहीत. शेवटी एक दासी पाय न वाजवता आली आणि जाळीतून कुजबुजली, "राणीसाहेब, ताई उठून बसल्यात. पाणी मागितलं."

राणी राजकन्येच्या महाली गेली. इंदुलेखा उशीला टेकून बसली होती.

"आई, मला रोज दुपारी तोंडात ओल्या गवताची चव यायची. सात वर्षं. मधे ती गेली होती. आज आली."

"कशी लागते?"

"बरी लागते," इंदुलेखा म्हणाली.

सूर्य टेकला तेव्हा कुहक महाद्वारी आला. पाय चिखलाचेच होते. द्वारपालाने तांब्या उचलला. राणी पायऱ्या उतरून आली.

"ठेव तो. त्यांना आत येऊ दे."

कुहक तिथेच थबकला. त्याने राणीच्या मनगटाकडे पाहिले. तिथे गवताचा हिरवा डाग होता, आणि तो तिने धुतला नव्हता.

"आता मला आत येण्याचं कारण उरलं नाही," तो म्हणाला. सूर्य बुडाला, तसा तो होता तिथे नुसता ओला चिखल उरला. ससघरात फेणक एकदा शहारला आणि साधा ससा झाला. महालात इंदुलेखेने खोल श्वास घेतला. तो तिचा स्वतःचा होता.

गळपट्टा वितळवून फेणकाला पाण्याचा वाडगा केला. कोरांटी ससघराची राखणदार राहिली. भांडे पडले की ती अजूनही दचकायची, दासी अजूनही हसायच्या. पण दुपारी दार लागले की आत ती दगडासारखी बसे. कधी कधी तिच्याशेजारी राणीही बसे, आणि जाळीतली साळुंकी दोघींना सांगे, "आज जरा बऱ्या बसलात."

ज्या घरी ससा असेल, त्या घराने दुपारी पाऊल हलके टाकावे. तो काय खातो ते बघू नये, आणि बघितलेच तर नाक मुरडू नये. फेणक जेवला तसे सगळे जेवोत, इंदुलेखा उठली तसे सगळे उठोत.