चार वाजताचे अठ्ठ्याऐंशी

"वस्ताद, नाडी बहात्तर असलेला माणूस तासाभरात जातो काय हो?"

सर्जेरावानं चपला काढायच्या आधीच विचारलं.

हिंदुराव वस्ताद तालमीच्या ओट्यावर बसून गुडघ्याला तेल चोळत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"आधी बस."

माझं घर तालमीला लागून. मधली भिंत कमरेएवढी. अलीकडच्या बाजूला मी पावटे सोलत बसले होते. खरं सांगायचं तर पावटे केव्हाच संपले होते, नुसती सालं चाळत होते.

सर्जेराव बसला. हा वस्तादांचा एके काळचा लाडका पठ्ठा. आता बेचाळिशीचा आहे. शहरात दोन मजली जिम आहे त्याची, दारावर त्याचाच उघड्या अंगाचा फोटो. दोन महिन्यांपूर्वी त्याचे वडील गेले. दत्तू गवंडी, सगळ्यांचे अण्णा. आमच्याच गल्लीतले. तो ज्या ओट्यावर बसला होता तो त्यांनीच बांधलेला.

"जातो की," वस्ताद म्हणाले. "बहात्तर असून बी माणूस जातो. पण तू ते इचारायला आला न्हाईस."



सर्जेरावाच्या मनगटावरचं काळं घड्याळ टुणटुणलं.

"काय म्हणतंय ते?"

"श्वास घ्या म्हणतंय."

"चालूच हाय म्हणावं."

मला हसू आलं. सर्जेरावाला आलं नाही. त्यानं मनगट वस्तादांच्या डोळ्यांपुढं धरलं.

"हे बघा. निवांत बसलोय, तरी नाडी ब्याण्णव. दोन महिने झाले, खाली यायला तयार नाही. तुमच्या हाताखाली होतो तेव्हा अठ्ठेचाळीस होती माझी."

"म्हाईत हाय."

सगळ्या गल्लीलाच माहीत होतं. तेव्हा पोरं तालमीतच झोपायची आणि एक रीत होती. पहाटे डोळा उघडला की उठायचं नाही, कूस बदलायची नाही. पडल्या पडल्या आपलं मनगट धरायचं, भिंतीवरच्या घड्याळात बघून मिनिटभर मोजायचं आणि आकडा वस्तादांना ओरडून सांगायचा. रोजच्यापेक्षा दहा ठोके जास्त भरले तर त्या दिवशी जोर बंद. अंगात तापाची कसर तरी असणार, नाहीतर कालचा शीण उतरलेला नसणार. सर्जेरावाचा आकडा सगळ्यांत कमी. तो ओरडायचा तेव्हा आमच्या स्वयंपाकघरात ऐकू यायचं.

"चहा?" वस्तादांनी विचारलं.

"सोडला."

"तंबाखू?"

"कधी खाल्लीय मी?"

"झोप?"

"दहाला पडतो."

"पडतोस कधी ते इचारलं न्हाई."

सर्जेराव एकदम म्हणाला, "रक्त तपासलं. थायरॉइड बघितलं. कार्डिओग्राम काढला. डॉक्टर म्हणाले, बैलासारखं हृदय आहे तुमचं."

"बैलाला इचारलं व्हय त्यांनी?"

...

"आक्का काय म्हणती?" वस्तादांनी हळूच विचारलं.

इथं त्याचा चेहरा पडला.

सुरेखाक्का त्याची थोरली बहीण. दिवसकार्याला सगळ्या भावकीसमोर ती म्हणाली होती, तुझ्या हट्टापायी अण्णा गेले. त्यानंतर तिनं भावाचं तोंड बघितलेलं नाही.

"वही दाखवायला गेलो होतो तिला. दारातनं परत लावलं." त्यानं खिशातून छोटी वही काढली. "तुम्ही बघा, वस्ताद. आणि तुम्ही तिला सांगा. तुमचा शब्द ती मोडत नाही. एकदा तुम्ही म्हणालात, सर्जाचं काही चुकलं नाही, की संपलं."

"माझा चष्मा आत हाय." वस्तादांनी वही घेतली आणि भिंतीकडं न बघताच म्हणाले, "शालन, सालं ठेव खाली. ये वाचायला."

मी लाजेनं अर्धी झाले. पण गेले.

अण्णा गेले त्या दिवशीचं मला ठाऊक होतं. सर्जेराव चार दिवसांसाठी गावी आला होता. अण्णांना सकाळपासून घाम फुटत होता, जीव घाबरा होत होता. आक्का फोनवर सारखी म्हणत होती, तालुक्याला ने, दवाखान्यात ने. मी म्हणाले होते, आरोग्य केंद्रातल्या आशाताईला बोलावू, तिच्याकडं बोटाला लावायचं यंत्र आहे. तर सर्जेराव म्हणाला, "यंत्र कशाला, वैनी? वस्तादांच्या हाताखाली नाडी शिकलोय मी."

मी काय बोलणार? त्याच्या अंगात बळ, गावात नाव. मी गप्प बसले.

दुपारी बारापासून तो अण्णांचं मनगट धरून बसला. दर अर्ध्या तासाला मोजायचा, वहीत लिहायचा, आक्काला फोनवर सांगायचा. नाडी घड्याळासारखी चाललीय. पित्त आहे. सकाळी नेतो.

दिवेलागणीला अण्णा गेले.

"वाच," वस्ताद म्हणाले.

"बाराला सत्तर. साडेबाराला बहात्तर. एकला बहात्तर. दीडला सत्तर..."

"बघितलंत?" सर्जेराव म्हणाला. "पुस्तकातल्यासारखी आहे."

"वाच तू."

"साडेतीनला बहात्तर. चारला अठ्ठ्याऐंशी. साडेचारला चौऱ्याहत्तर..."

"थांब. चारला किती?"

"अठ्ठ्याऐंशी."

वस्तादांचा तेलाचा हात गुडघ्यावरच थांबला.

"चारला काय झालं हुतं, सर्जा?"

"काही नाही. अण्णा पडूनच होते. डोळे मिटलेले."

"आन् तू?"

"मी तिथंच. म्हणजे... त्यांनी कोमट पाणी मागितलं. घरातला गॅस संपला होता, म्हणून वैनींकडं पळत आलो. तेवढंच."

मला आठवलं. त्यांचं घर गल्लीच्या वरच्या टोकाला, चांगला दम काढणारा चढ आहे. तो धापा टाकत आला होता. पाणी तापेपर्यंत दारात येरझाऱ्या घालत होता. मी तांब्या दिला तसा चढावरनं पळतच परत गेला.

वस्तादांनी तेलाची वाटी बाजूला सारली.

"पडल्या माणसाची नाडी कशानं चढती?"

सर्जेरावानं छाती पुढं काढली. जिममधल्या पोरांना सांगत असावा तसं धडाधड सांगितलं, "तापानं. दुखण्यानं. भीतीनं. अंगातलं पाणी कमी झालं तर. उकाडा असला तर. काही गोळ्यांनी चढते, काहींनी उतरते."

"आन् पळाल्यानं?"

"पळाल्यानं चढणारच की. पण पडलेला माणूस पळंल कसा, वस्ताद?"



...

वस्तादांनी आपला हात पुढं केला. पंच्याऐंशीचा हात, पण मनगट अजून जाड.

"माझी बघ."

"आत्ता?"

"बघ."

सर्जेरावानं मनगट धरलं. पैलवान समोरच्याचं धरतो तसं. चार बोटं खालून, अंगठा वरून, नाडीवर दाबून बसवलेला. डोळे मिटले. त्याचे ओठ भराभर हलत होते.

मिनिट भरलं.

"नव्वद!" तो दचकून म्हणाला. "वस्ताद, तुमची पण चढलीय. दाखवून घ्या कुणाला तरी."

मी तोंड उघडलं आणि मिटलं. आदल्याच दिवशी आशाताईनं माझ्यासमोर वस्तादांची मोजली होती. चौपन्न. रक्तदाबाच्या गोळीनं ती तशीच राहते म्हणाली, आणि जन्मभराच्या कसरतीनंही.

वस्तादांनी दुसऱ्या हातानं सर्जेरावाचा अंगठा धरला. उचलला. त्याच्याच तळहाताकडं मिटवला, लहान पोराचा मिटवावा तसा. मग त्याची मधली तीन बोटं घेऊन आपल्या मनगटावर हलकी टेकवली.

"आता."

सर्जेराव मोजायला लागला. ओठ हलले. थांबले. पुढचा ठोका यायला वेळ लागत होता. परत हलले. परत थांबले.

मिनिट भरलं तरी त्यानं बोटं काढली नाहीत.

"किती?"

"..."

"किती, सर्जा?"

"चौपन्न."

त्यानं हात मागं घेतला आणि आपल्या अंगठ्याकडं बघत राहिला. जणू तो दुसऱ्या कुणाचा होता.

"अंगठ्याला सोताची नाडी असती," वस्ताद म्हणाले. "दाबून धरला की तीच लागती."

"पण तालमीत..." सर्जेरावानं अंगठा मुठीत झाकला. "तालमीत इतकी वर्षं मोजली की मी. एकदा सुद्धा चुकली नाही."

"तालमीत तू कुणाची मोजायचास?"

"..."

"सोताच्या मनगटावर सोताचा अंगठा. आकडा बरोबरच यायचा." वस्तादांनी हात धोतराला पुसले. एकदा पुसले, परत पुसले, तेल कधीच गेलं होतं तरी. "ती चूक माझी, पोरा. ओरडलेला आकडा ऐकला, हात बघाय कधी आलो न्हाई. सोताची मोजायला शिकवली. दुसऱ्याची मोजायची शिकवायची राहून गेली."

वही अजून माझ्या हातात होती. बाराला सत्तर. एकला बहात्तर. चारला अठ्ठ्याऐंशी. चढावरून पळत गेलेल्या माणसाची धाप, पेन्सिलीनं नीट लिहिलेली.

अण्णांचा त्यात एक ठोका नव्हता.

मी त्या दिवशी पाणी तापवून दिलं. तांब्याबरोबर मी गेले नाही. आमटी उतू जाईल म्हणून गेले नाही.

"मग वस्ताद," सर्जेरावानं विचारलं, "सहा तास मी काय धरून बसलो होतो?"

"बापाचा हात."

घड्याळ पुन्हा टुणटुणलं. या वेळी ते काय म्हणतंय असं कुणी विचारलं नाही.

सर्जेराव ओट्याच्या कडेवरून हात फिरवत होता. अण्णांनी ती कडा गोल करून घेतली होती, पोरांच्या नडगीला लागू नये म्हणून. त्याचा हात कडेच्या टोकापर्यंत गेला, परत आला.

"तुम्ही आक्काला सांगाल म्हणून आलो होतो."

"व्हय. कळलं मला ते."

"सांगाल?"

वस्ताद गुडघ्यावर हात टेकून उठले. माझ्या हातातली वही घेतली, ती त्याच्या मांडीवर ठेवली.

"तूच सांग."

"काय सांगू तिला?"

वस्ताद तालमीच्या दारात पोचले होते. चौकटीला धरून उभे राहिले. मागं वळले नाहीत.

"सांग... मी माझीच मोजत हुतो."