राजकन्येची न थांबणारी गाडी

गाडी बंद पडली ती नेमकी दरबाराच्या मधोमध! लाल रंगाची, दोन दिव्यांची, बॅटरीवर चालणारी ती इवलीशी मोटार राजकन्या मंजुळाराजेंना पाचव्या वाढदिवसाला मिळाली होती. ती घुर्रर्र करून थांबली आणि मंजुळाराजेंनी असा टाहो फोडला, की छतावरची कबुतरं उडाली.

खडकनगरचे धुंडिराज महाराज सिंहासनावरून ताडकन उठले.

"पुन्हा बंद? कोण आहे रे तिकडे!"

घोड्यांचा पागेदार धावत आला आणि त्याने गाडीपुढे हरभऱ्याचा तोबरा धरला. राजवैद्यांनी चाकाची नाडी पाहिली. दिवाण अंतोबांनी तर गाडीवरून लिंबू उतरवून टाकलं. गाडी ढिम्म!

शेवटी हौसाला बोलावणं गेलं. हौसा वाड्यातली दिवाबत्ती सांभाळायची. दिवसा तारा आणि फ्यूज, रात्री कंदील. कारण खडकनगरात वीज सकाळी आठला यायची आणि संध्याकाळी सहाला जायची.

हौसाने आसन उचलून बॅटरी पाहिली आणि कपाळावर हात मारला.

"महाराज, हिला भूक लागलीय! सलग दहा तास चार्जिंगला लावायला हवी. आपण लावता दहा मिनिटं, की राजे रडल्या म्हणून काढलीच! अर्धपोटी पळवून पळवून बॅटरी मरायला टेकलीय. आणि चार्जिंग चालू असताना गाडी चालवायची नाही, बरं का!"

"दहा तास गाडी उभी?" मंजुळाराजेंनी पुन्हा सूर लावला.

महाराजांचं काळीज लेकीपुढे लोण्याचं आणि इतरांपुढे दगडाचं. ते गरजले, "मुळीच नाही! उद्या सकाळी आठपासून संध्याकाळी सहापर्यंत गाडी थांबायची नाही. राजकन्येला कुणी 'खाली उतर' म्हणायचं नाही. आणि सहा वाजता बॅटरी काठोकाठ भरलेली हवी!"

"अहो महाराज, पण..."

"नाही जमलं तर दिवाबत्ती दुसऱ्याकडे, आणि तुझं गाठोडं वेशीबाहेर!"

अंतोबा दिवाण मिशीतल्या मिशीत हसले. त्यांना आपल्या भाच्याला ती नोकरी लावायचीच होती.

हौसा घरी आली ती तोंड पाडून. भाकरी पुढ्यात घेऊन ती विचार करत बसली. तार लावली तर गाडी उभी, गाडी पळवली तर तार तुटणार. करावं काय? पलीकडे तिची वहिनी तान्ह्याला पाळण्यात झोके देत होती. बाळ गाढ झोपलं होतं, आणि पाळणा हलतच होता.

हौसा एकदम उठली. "वहिनी, तुझं लेकरू झोपतंय का हिंडतंय?"

"झोपतंय की! काय झालं?"

"माझी नोकरी वाचली!" हौसा ओरडली, आणि बाळ दचकून जागं झालं.

दुसऱ्या दिवशी महाराज भल्या सकाळी शिकारीला गेले. संध्याकाळी सहाला थोडा अवकाश असताना परतले, तर आतल्या चौकातून खिदळण्याचा आवाज! ते पाहतात तो काय! वाड्यातल्या भल्यामोठ्या झोपाळ्यावर लाल गाडी, तिची चारही चाकं दोरीने पाटाला घट्ट बांधलेली. झोपाळ्याच्या साखळीवरून एक लांब तार सैलसर उतरून गाडीत शिरलेली. आत मंजुळाराजे स्टिअरिंग फिरवत ओरडताहेत, "बाजूला व्हा! बाजूला व्हा!" दोन दासी आळीपाळीने झोका देताहेत. दुपारी राजे तिथेच जेवल्या होत्या, तिथेच घटकाभर झोपल्या होत्या, आणि दोनदा आपण होऊन उतरून पुन्हा पळत येऊन बसल्या होत्या. झोका तेवढ्यापुरता हळू व्हायचा, पण एकदाही थांबला नव्हता.

"हौसा!" महाराज कडाडले. "चाकं फिरत नाहीत! ही कसली चालती गाडी?"

हौसाने पदर सावरला. "महाराज, आपल्या पालखीला तरी कुठं चाकं आहेत? तरी आपण निघालात की सगळे 'स्वारी निघाली' असंच म्हणतात ना!"



तेवढ्यात चार्जरचा लाल दिवा हिरवा झाला. हौसाने तार काढली, दोऱ्या सोडल्या आणि गाडी खाली ठेववली. मंजुळाराजेंनी पायाने बटण दाबलं मात्र, गाडी अशी सुसाट सुटली, की पागेदाराने खांबावर उडी मारली आणि राजवैद्य तुळशीवृंदावनामागे लपले! चौकाला एक फेरी, दोन फेऱ्या, दहा फेऱ्या... गाडी थांबायचं नाव घेईना.

अंतोबा दिवाण मात्र चरफडत पुढे आले.

"महाराज, ही शुद्ध फसवणूक आहे! गाडी दिवसभर पुढे गेली तेवढीच मागे आली. पोचली कुठे? कुठेच नाही! याला चालणं म्हणत नाहीत!"

महाराजांनी भुवया उंचावल्या. "बोल हौसा. पुढे जायचं, तेवढंच मागे यायचं, पोचायचं कुठेच नाही. याला चालणं कोण म्हणतं?"

हौसाने हात जोडले.

"दिवाणजीच म्हणतात, महाराज! माझ्या घराच्या गळक्या छपराचा अर्ज तीन वर्षं त्यांच्या कचेरीत असाच पुढं जातो नि मागं येतो. कधीही विचारा, दिवाणजी म्हणतात, 'काम चालू आहे!'"

मग महाराज असे हसत सुटले, की त्यांच्या डोक्यावरचा मंदिल घरंगळून झोपाळ्यावर पडला! हसता हसता त्यांनी हातातलं सोन्याचं कडं काढून हौसाच्या हातात घातलं. तिला वाड्याची वीज-सरदारीण केलं, आणि छपराचा अर्ज कचेरीतून मागवून त्यावर तिथल्या तिथे, पागेदाराच्या पाठीवर कागद ठेवून, सही ठोकली. कौलं चढवायला उद्या सकाळी कोण जाणार, तेही त्यांनीच ठरवलं.

"अंतोबा," महाराज डोळे पुसत म्हणाले, "शिडी घेऊन जा!"