रब्बी केल्मन यांची दहा माणसं

"म्हणजे आता मी सुटलो. असंच ना, रब्बी?"

रब्बी केल्मन चहा पीत होते. साखरेचा तुकडा दातांत धरून बिनदुधाचा चहा प्यायची त्यांची सवय होती. तुकडा विरघळेपर्यंत जगाने थांबायचं.

मी थांबलो. घड्याळात सव्वा वाजला होता. दादाची बस तीनला होती.

...तुकडा विरघळला.

"परत सांग," ते म्हणाले.

"मी दादाची तीनदा माफी मागितली. तिन्ही वेळा त्याने दिली नाही. धर्मशास्त्र म्हणतं, तीनदा मागून मिळाली नाही तर मागणारा मोकळा. पाप नाकारणाऱ्याच्या डोक्यावर. बरोबर की नाही?"

"बरोबर."

"म्हणजे मी मोकळा."

"मोकळा."

हवं होतं ते उत्तर मिळालं. आता उठायचं, घरी जाऊन चार घास खायचे आणि दुसऱ्या पाळीला गिरणीत हजर व्हायचं. पण मी काही उठलो नाही.

रब्बींना जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. त्या दुपारी त्यांचं जे वय होतं, ते मी केव्हाच ओलांडलं. दर वर्षी किप्पूरचा सण जवळ आला की ठरवतो, यंदा हे लिहून काढायचं. आणि दर वर्षी कंटाळा करतो. कंटाळा आपला सांगायला. खरी अडचण लाजेची आहे.

तर आधी माणसं सांगतो.

आम्ही बेने इस्रायल, कोकणातले यहुदी. रेवदंड्याजवळ आजोबांचा तेलाचा घाणा होता. शनिवार आमच्या धर्मात विसाव्याचा; त्या दिवशी घाणा बंद, बैल मोकळा, म्हणून गाव आम्हाला शनवार तेली म्हणायचं. तिथून उठून मी, हनोख चेऊलकर, इस्रायलला आलो आणि वाळवंटातल्या एका नव्या गावात कापडाच्या गिरणीत लागलो. समुद्र सोडून वाळूत आलो. हौस माझीच, सांगणार कोणाला!

रब्बी केल्मन पोलंडचे. नाझींच्या छळछावणीतून जिवंत बाहेर आलेले. घरातलं दुसरं कोणी आलं नाही. आमच्या गावात ते माझ्यासारख्या अर्धवट शिकलेल्यांना संध्याकाळी धर्मशास्त्र शिकवायचे. बोलायचे हिब्रूतून, तेही घसा खरवडत. मी इथे त्यांचं बोलणं आपल्या भाषेत लिहितोय.

मराठी त्यांना एकच शब्द यायचा. आमच्या बायका गिरणीतून यायच्या, जिन्यात टेकायच्या आणि म्हणायच्या, "दमले गं बाई." रब्बींनी तो उचलला. धडा संपला की पुस्तक मिटायचे आणि म्हणायचे, "दमले." एवढा दाढीवाला माणूस बायकांसारखं "दमले" म्हणतो म्हणून आम्ही हसायचो. पण कोणी सुधारून दिलं नाही. त्यांच्या तोंडी तो शब्द शोभायचा.

माझ्यावर त्यांचा जीव होता. माझाही त्यांच्यावर. वर्गात मी सगळ्यात हुशार. कुठलाही नियम विचारा, माझा तोंडपाठ. मी म्हणून दाखवायचो आणि ते मान डोलवायचे. ती कौतुकाने डोलते अशी माझी समजूत होती.

आणि दादा म्हणजे माझा मोठा भाऊ, सॅम्सन.

आई आजारी पडली तेव्हा तिच्यापाशी दादा होता. मी इथे. ती गेल्याची तार आली आणि मी दादाला पत्र लिहिलं. चार ओळींचं. "तू तिला वेळेवर मुंबईला नेलं असतंस तर ती वाचली असती. तुझ्या आळसाने आई गेली." दुःख झालं की माणूस काहीही लिहितो म्हणतात. मी मात्र विचार करून लिहिलं होतं.

पुढे दादाही वहिनीला घेऊन इस्रायलला, आमच्याच गावात आला. दोन जिने सोडून राहायला लागला. माझ्याशी एक शब्द बोलला नाही. मग एकदा वहिनीकडून कळलं. आईनेच हट्ट धरला होता, मरेन तर माझ्या घरात. दादाने दोनदा गाडी दारात आणली होती आणि दोनदा आईने ती परत पाठवली होती. माझं पत्र त्याने वहिनीलाही दाखवलं नव्हतं.

मग मी माफी मागितली. अगदी रीतसर. पहिल्यांदा जिन्यात. दुसऱ्यांदा सणाच्या दिवशी, सिनेगॉगच्या दारात, चार लोकांदेखत. तिसऱ्यांदा नियमाप्रमाणे तीन साक्षीदार घेऊन त्याच्या घरी गेलो. दादाने तिघांना बसवलं. वहिनीने चहा केला, चिवडा पुढे ठेवला. मला ना चहा ना चिवडा. मी भिंतीपाशी उभ्यानेच माफी मागितली; दादा त्या तिघांशीच बोलत राहिला. तिघांनी चिवडा संपवला, तोंड पुसलं आणि दादाचा निरोप घेऊन निघाले. मी त्यांच्या मागून जिना उतरताना मनाशी म्हटलं, झाले तीन.

आता दादा कायमचा कोकणात परत चालला होता. वाळवंट त्याला मानवलं नाही. यंदाचा किप्पूरचा उपास आपल्या मशिदीत करायचा म्हणाला. कोकणात आम्ही आमच्या प्रार्थनेच्या जागेला मशीदच म्हणायचो.

किप्पूर म्हणजे वर्षभराच्या पापांची क्षमा मागायचा दिवस. देवाचा अपराध केला असेल तर देव माफ करतो. माणसाचा केला असेल तर त्या माणसाने माफ केल्याशिवाय देवही हात लावत नाही. किप्पूर चार दिवसांवर आला होता आणि दादा दीड-दोन तासांत विमानतळाच्या बसमध्ये चढणार होता. एकदा गेला की तो कुठला परत येतो आणि मी कुठला तिकडे जातो. म्हणून मी रब्बींकडे आलो होतो, मोकळा असल्याची पावती घ्यायला.

"मोकळा आहेस, तर बसलास का?" रब्बींनी विचारलं.

"तुमचा आशीर्वाद..."

"मोकळ्या माणसाला आशीर्वाद कशाला लागतो?"



त्यांनी पेला खाली ठेवला. फार थकलेले दिसत होते. म्हणजे नेहमीच दिसायचे, पण त्या दिवशी जरा जास्त.

"पुढचा नियम म्हण."

"कुठला?"

"ज्याची माफी मागायची तो मेला असेल तर?"

हा मला येत होता. मी ताठ बसलो आणि धडाधड सुरू केलं.

"मेला असेल तर दहा माणसं घेऊन त्याच्या कबरीपाशी जायचं. दहा जणांसमोर उभं राहून म्हणायचं, मी देवाचा अपराध केला आहे आणि या माणसाचाही. मी याला..."

आणि माझी जीभ अडकली.

दहा माणसं...

दर वर्षी, किप्पूरच्या आदल्या दिवशी सकाळी, रब्बी दहा माणसं घेऊन गावाबाहेर जायचे. माणसं जमवायचं काम माझ्याकडे. रात्रपाळीहून आलेले लोक डोळे चोळत, कुरकुरत यायचे. डांबरी रस्ता संपतो तिथे आम्ही थांबायचो. पुढे नुसती वाळू. रब्बी कोटाच्या खिशातून एक खडा काढायचे. इकडे बघायचे, तिकडे बघायचे. तोंड उघडायचे, मिटायचे. मग खडा परत खिशात घालून म्हणायचे, "चला." आणि आम्ही परत यायचो.

पोलंडची काहीतरी रीत असेल, असं आम्ही धरून चाललो होतो. आमच्या दहांतला मोझेस गिरणीत सगळ्यांना सांगायचा, "रब्बी बंगल्यासाठी जागा बघतायत, पण पसंत पडत नाही." सगळे पोट धरून हसायचे.

मीही हसायचो. नऊ वर्षं. आम्ही यहुदी कबरीवर फूल वाहत नाही, खडा ठेवतो. हे मला लहानपणापासून माहीत होतं. नियम तोंडपाठ, आणि डोळ्यांसमोरचं दिसत नव्हतं.

"रब्बी... कोण होता तो?"

त्यांनी खिशातून खडा काढला आणि दोन पेल्यांच्या मध्ये टेबलावर ठेवला. बोराएवढा. हाताळून हाताळून गुळगुळीत झालेला.

"योसल. घोडागाडी हाकायचा. वाचता येत नव्हतं. छावणीत माझ्या शेजारच्या फळीवर झोपायचा."

...

"पावसाने बूट भिजायचे. पायाला गुंडाळायला एकेक फडकं असायचं आमच्याकडे. मी झोपलेला असताना माझं फडकं त्याने घेतलं. दोन दिवस माझे पाय... असो. तिसऱ्या दिवशी परत आणून दिलं आणि माफी मागितली."

"मग?"

"मी मान फिरवली."

"मग?"

"दुसऱ्या दिवशी परत आला. किप्पूर जवळ होता. तिथेही कोणी ना कोणी तिथी धरून ठेवायचं. तो म्हणाला, रब्बी, सणाच्या आधी माफ करा. मी म्हणालो, ही दुसरी वेळ. नियम तीनचा आहे. तिसऱ्यांदा ये, मग देईन."

रब्बी थोडेसे हसले. तसं हसू मी त्यांच्या तोंडावर कधी पाहिलं नव्हतं, आणि पुन्हा बघायची इच्छा नाही.

"मी तेव्हा वर्गात सगळ्यात हुशार होतो, हनोख."

खाली कोणीतरी जिना धूत होतं. बादलीचा आवाज आला, मग पाण्याचा. आम्ही दोघं तो ऐकत बसलो.

"आणि तिसऱ्यांदा?" मला राहवेना.

"सकाळी हजेरी झाली. त्याच्या जागेवर दुसराच उभा होता."

"कुठे नेलं त्याला?"

"कोणाला विचारायचं?"

मी गप्प बसायला हवं होतं. पण कुठेही शहाणपण पाजळायची माझी खोड. मी म्हणालो,

"पण रब्बी, यावरही शास्त्रात वाट आहे. कबर सापडत नसेल तर आहे तिथेच दहा माणसांसमोर म्हटलं तरी चालतं."

"माहीत आहे. म्हणून तर दहा माणसं नेतो."

"मग म्हणत का नाही?"

त्यांनी खडा बोटाने थोडा सरकवला. परत होता तिथे आणला.

"म्हटलं की मी सुटेन," ते म्हणाले. "आणि योसल?"

मला रडू आलं. त्यांच्यासाठी आलं, की दादासाठी, की त्या अडाणी गाडीवाल्यासाठी, ते मला तेव्हाही कळलं नाही आणि आजही सांगता येणार नाही. भिंतीपाशी उभा राहिलेला मी दिसलो. माफी मागायला गेलो होतो आणि तिघांकडे बघत होतो, त्यांनी नीट ऐकलं की नाही म्हणून. दादाच्या तोंडाकडे मी पाहिलंच नव्हतं. चहा ओतताना त्याने निम्मा बशीत सांडला होता, हे पुढे साक्षीदारांपैकी एकाने सांगितलं. मी तिथेच होतो आणि मला ते दुसऱ्याकडून कळलं.

रब्बींनी डोळे मिटले.

"दमले," ते म्हणाले.

या वेळी मला हसू आलं नाही.

घड्याळात दोन वाजून गेले होते. दादाच्या घरापर्यंत दहा मिनिटं. बॅगा एव्हाना खाली आल्या असतील. वहिनी शेजाऱ्यांच्या गळ्यात पडून रडत असेल. मी उठलो. खुर्ची नीट सरकवली. दारापर्यंत गेलो आणि तिथे पुन्हा अडलो. इतकं सगळं ऐकूनही माझी खोड गेली नव्हती.

"रब्बी, मी चाललो दादाकडे."

त्यांनी डोळे उघडले नाहीत.

"चौथ्यांदा मागायची तर साक्षीला कोणाला घेऊ? किती माणसं लागतील?"

टेबलावरचा खडा त्यांनी चाचपडत उचलला आणि खिशात ठेवला. मान मागे टेकवली. मला वाटलं, झोप लागली.

"तुला अजून दहा माणसं लागत नाहीत, हनोख... एकटा जा."